मोठ्या माणसांचा खेळ

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर नांदेड-लातूरकडच्या घरांत महालक्ष्म्या येतात. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच या. पण मराठवाड्यात त्यांचे नाव महालक्ष्म्या आणि त्यांचा थाटही निराळा. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले, उभे मुखवटे, ठेवणीतली लुगडी, पुढे धान्याच्या राशी. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील यांचा नैवेद्य, संध्याकाळी हळदीकुंकू. आणि तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर निरोप. या तीन दिवसांत घरोघरी आणखी एक गोष्ट घडते. ती सणाचा भाग आहे म्हणून आपण तिच्याकडे पाहतो, आणि सणाचा भाग आहे म्हणूनच नीट पाहत नाही. ती म्हणजे महालक्ष्म्यांपुढची आरास.

कुठे पुठ्ठ्याचा वाडा असतो, कुठे काडेपेट्यांची चाळ. आरशाच्या तुकड्याचे तळे होते, मोहरी पेरून उगवलेल्या कोंबांचे शेत होते. विहीर, मोट, जाते, बैलगाडी, आठवडी बाजार, पंढरीची वारी, शाळा, एस. टी. स्टँड असा सगळा मुलूख चार हात जागेत मावतो. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा, कागद, माती आणि बांबूच्या कामट्या यांना पुन्हा मान मिळाला. हे सारे करणारी माणसे मोठी असतात. सासू असते, सून असते, बँकेतून संध्याकाळी घरी आलेला दीर असतो. रात्री जेवणे उरकल्यावर कात्री, खळ आणि रंग घेऊन ती बसतात आणि दोन-दोन वाजेपर्यंत उठत नाहीत.

गंमत अशी, की या दिवसांत त्यांना कोणी हसत नाही. हीच सून वैशाखात पुठ्ठ्याचे घर करायला बसली, तर 'काही कामधंदा नाही का?' हा प्रश्न घरातल्याच कोणाच्या तरी तोंडून आल्यावाचून राहायचा नाही. लक्ष्मीचे निमित्त असले की तीच गोष्ट कौतुकाची होते. म्हणजे मोठ्या माणसाला खेळण्याची इच्छा असतेच; तिला निमित्त मात्र लागते. आपल्याकडे ते निमित्त पंचांगात तीन दिवस लिहून ठेवले आहे.

डेन्मार्कचा सुतार

हे निमित्त नसलेल्या मुलखात काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाच्या खेड्यात ओले किर्क क्रिस्तियानसेन हा सुतार राहत होता. मंदीच्या काळात, १९३२ साली, घरबांधणीची कामे आटली तशी त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. 'छान खेळ' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची पहिली अक्षरे जोडून त्याने नाव घेतले लेगो. पुढे प्लॅस्टिकच्या विटा आल्या. आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्या विटेच्या आजच्या रूपाच्या पेटंटसाठी अर्ज झाला. वर गोल बुटके खुंट आणि आत पोकळ नळ्या. एका विटेचे खुंट दुसरीच्या पोटातल्या नळ्या आणि भिंती यांच्या मध्ये घट्ट बसतात. जोडली की हलत नाही, ओढली की सुटते. १९५८ची वीट आज घेतलेल्या विटेवरही बसते, इतके तिचे माप काटेकोर आहे.

ही वीट मुलांसाठी होती. पण मुले मोठी झाली आणि त्यांतल्या काहींच्या हातांना चैन पडेना. तिशी-चाळिशीतले इंजिनिअर, शिक्षक, ट्रकचालक, गृहिणी पुन्हा विटांकडे वळले आणि प्रथम लपूनछपून बांधू लागले. या छंदाच्या लोकांत एक शब्द रूढ आहे. लहानपणी विटा माळ्यावर गेल्या तेव्हापासून मोठेपणी त्या परत हातात आल्या तोपर्यंतच्या वर्षांना ते 'अंधारयुग' म्हणतात. शब्द थट्टेचा आहे; पण थट्टेच्या पोटात खंत आहे. खेळ सुटला, तो कंटाळा आला म्हणून नव्हे, तर वय झाले म्हणून.

पुढे चित्र पालटले. न्यूयॉर्कमधल्या नेथन सावाया या वकिलाने वकिली सोडून विटांची शिल्पे करायला घेतली आणि २००७ पासून त्यांची प्रदर्शने कलासंग्रहालयांत भरू लागली. बिलुंडला २०१७ साली 'लेगो हाऊस' उघडले, तेव्हा त्यात वरच्या मजल्यावर एक दालन खास हौशी प्रौढांनी केलेल्या प्रतिकृतींसाठी राखले गेले. २०२० पासून कंपनीच्या काही खोक्यांवर 'अठरा वर्षांवरील' असे छापून येते. मोठ्यांनी खेळावे याला शेवटी छापील परवानगी मिळाली, असे म्हणायचे. त्यात कंपनीचा धंदा आहे हे उघड आहे, आणि त्या खोक्यांची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडणारी नाही हेही तितकेच उघड आहे. पण त्यामागची भूक विकत घेतलेली नाही. तीच भूक महालक्ष्म्यांपुढे पुठ्ठा कापत असते.

सांध्याचे शास्त्र

मोठी माणसे या ठोकळ्यांत रमतात तरी कशाला? एक उत्तर गणिताचे आहे. आठ खुंटांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा घेतल्या तर त्या २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकारे. आणि सहा घेतल्या तर तब्बल ९१,५१,०३,७६५ प्रकारे. डेन्मार्कच्याच एका गणितज्ञाने संगणकावर हा हिशेब केला. मूठभर साहित्यातून न संपणाऱ्या शक्यता निघतात, हा अनुभव मुलापेक्षा मोठ्याला अधिक भिडतो. कारण आयुष्यात शक्यता कमी कमी होत जातात हे त्याला कळलेले असते.

दुसरे उत्तर हाताचे आहे. एखादी वास्तू लहान करून बांधायला घेतली, की ती मुळात कशी उभी आहे हे विचारावेच लागते. फोटो काढणाऱ्याला ते विचारावे लागत नाही. यासाठी डेन्मार्कला जायचे कारण नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकाळातले सिद्धेश्वर मंदिर आहे. लातूर जिल्ह्यात निलंग्याला नीळकंठेश्वर आहे. अशा जुन्या देवळांत दगडावर दगड बसतो तो चुन्याच्या जोरावर नव्हे. वजन, घडाई आणि खाच-कुसवाचा सांधा यांवर तो तोललेला असतो. भिंतीचे कोन आत-बाहेर होत तारकेसारखे फिरतात. असे देऊळ ठोकळ्यांतून करून पाहणाऱ्याला दुसऱ्याच थराला कळते, की प्रत्येक थराने खालच्या थराचा सांधा झाकला नाही तर पुढचे काहीच उभे राहत नाही. होट्टलला २०२४ साली उत्खननात आणखी एका शिवमंदिराचा पाया आणि शिलालेख सापडले. पायावरून वरचे देऊळ कल्पायचे, हे काम अभ्यासकांचे. पण ती कल्पना हाताने करून पाहण्याला कोणाचीच बंदी नाही.

विटांचेही आपल्याला अप्रूप नवे नाही. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर उभे आहे, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटांसाठी हे गाव ओळखले जाते. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच व्यापारी गृहस्थांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू हौसेने जमवल्या आणि त्यांतून तिथले सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. भाजक्या मातीच्या लहान लहान आकृती तिथे मांडून ठेवल्या आहेत. लहान आकाराच्या वस्तूंत माणसाने किती जीव ओतला होता, हे त्या पाहिल्यावर कळते. आणि एका माणसाच्या छंदाचे गावाला काय देणे लागते, हेही कळते.

खण आणि माळवद

पण या भागात सांध्याची गोष्ट नुसत्या कौतुकाची नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र आटोपून माणसे झोपली होती. महालक्ष्म्या उठून जेमतेम आठवडा झाला होता. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे ढिगाऱ्यात गेली, हजारो माणसे गेली. पडली ती मुख्यतः दगड-मातीची, माळवदाची घरे. त्या घरांच्या भिंती चांगल्या दोन-अडीच फूट रुंद होत्या. पण रुंदी म्हणजे बळकटी नव्हे. आतली बाजू वेगळी रचलेली, बाहेरची वेगळी, आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही बाजूंना एकत्र धरणारा आरपार दगड बहुधा नव्हताच. वर माळवदाच्या मातीचे ओझे. धक्का बसताच दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि वरचे ओझे खाली आले. नंतर जुनी घरे बळकट करताना जे उपाय सांगितले गेले, त्यांत भिंतीच्या दोन्ही बाजू आरपार बांधणे हा एक प्रमुख होता.

ही गोष्ट टेबलावर ठोकळे मांडून पाच मिनिटांत दाखवता येते. शेजारी शेजारी दोन सुट्या भिंती रचा, मध्ये खडे भरा, वर वजन ठेवा आणि टेबल हलवा. मग तीच भिंत अधूनमधून आरपार लांब वीट घालून बांधा आणि पुन्हा हलवा. शाळेतल्या मुलापासून गवंड्यापर्यंत कोणालाही यातला फरक सांगावा लागणार नाही. खेळण्याचा याहून गंभीर उपयोग कोणता असेल?

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. काँक्रीटच्या, सरळ ओळींतल्या घरांनी जीव वाचवले; त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण जुन्या घराबरोबर एक भाषाही मागे पडली. ते घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. कोणाचे पाच खणांचे, कोणाचे दहा. दारात ढेळज, भिंतीत धान्याचे बळद, जमिनीत पेव, माळवदात उजेडासाठी भोक. तिशीच्या आतल्या पुष्कळांनी हे घर आतून पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले आहे ते आता पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत, आणि कोणता खांब कुठे होता हे त्यांच्या हातांना अजून आठवते. खण हे तर खेळाच्या विटेसारखेच माप आहे. एकाला एक जोडत न्यायचे. ठोकळ्यांत बांधा, पुठ्ठ्यात बांधा की मातीत, ते घर एकदा खणाखणाने बांधून ठेवायला हवे. आठवणीतले घर सांगून समजत नाही, बांधून समजते.

मांडण्याची रीत

म्हणून प्रश्न उरतो तो मांडण्याचा. जगभरच्या हौशी प्रौढांच्या विटाप्रदर्शनांत एक चांगली रीत आहे. प्रतिकृतीपाशी तिचा कर्ता स्वतः उभा असतो. पाहणारा 'किती सुंदर' म्हणून पुढे जात नाही. तो विचारतो, 'ही कमान कशी पेलली?' कर्ता सांगतो, कधी एक वीट काढून दाखवतो. प्रतिकृतीपुढे पाटी असते, तीवर करणाराचे नाव, लागलेला काळ आणि साहित्य. आपल्याकडे आराशीच्या स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात, फोटो निघतात. पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी घरच्या बाईला 'वहिनी, हे कसे केलेत?' असे थांबून विचारले आणि तिने सावकाश सांगितले, असे फारसे होत नाही. ओटी भरली की पुढचे घर असते. आणि चौथ्या दिवशी दहा रात्रींचे काम केराच्या टोपलीत जाते.

फार खर्चाच्या नव्हेत, अशा तीन गोष्टी घरोघरी करता येतील. आराशीजवळ करणाऱ्यांची नावे लिहावीत. घरातल्या सगळ्यांची, त्यात आजीचेही. मोडण्याआधी तिचा चारही बाजूंनी फोटो आणि एक साधा नकाशा काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी पाया तयार मिळेल. आणि मुलांच्या ठोकळ्यांचा डबा माळ्यावर टाकण्याआधी एकदा घरातल्या मोठ्यांपुढे ओतावा. नातवाने विटा द्याव्यात आणि आजोबांनी ढेळज कुठे होती ते सांगावे. वय कोणाचेही आड येऊ नये. सण तीन दिवसांचा आहे. हात मात्र वर्षभर मोकळेच असतात.