सेलचं झाकण कुठल्या बाजूला?

पिस्तुलावर बसवायच्या दिव्याची जाहिरात पाहिली की नजर आधी लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्यावर जाते. पाचशे, हजार, दीड हजार. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: यातला सेल बदलायला किती खटपट करावी लागते? खटपट जास्त असेल तर माणूस ते काम उद्यावर ढकलतो. हा दिवा मात्र समोरचा माणूस कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे गोळी सुटण्याआधी दिसावं म्हणून असतो. तो ऐनवेळी लागला नाही तर त्याची किंमत एखाद्या निरपराध माणसाला मोजावी लागू शकते.

सुरुवातीला हा सगळा जुगाडच होता. ब्रिटनच्या एसएएस तुकडीचे जवान एमपी-5 बंदुकीवर हातातला जाडजूड टॉर्च बसवून वापरत. कॅलिफोर्नियातल्या लेझर प्रॉडक्ट्स या कंपनीने, म्हणजे आजच्या शुअरफायरने, बंदुकीसाठी खास घडवलेले दिवे बाजारात आणले. 1995 मध्ये अमेरिकी सैन्याने पिकॅटिनी रेलचं प्रमाण ठरवलं. आडव्या खाचा असलेली ही पट्टी. खाच 5.23 मिलिमीटर रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर 10.01 मिलिमीटर. मग पिस्तुलांच्या नळीखालीही रेल येऊ लागली आणि दिव्याला हक्काची जागा मिळाली. जागा मात्र अडचणीची होती.

या दिव्यांमध्ये वर्षानुवर्षं एकाच सेलची चलती आहे: सीआर123ए. मूळचा हा कॅमेऱ्याचा सेल. 17 मिलिमीटर जाड, 34.5 मिलिमीटर लांब, 3 व्होल्टचा लिथियम सेल. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो तो अल्कलाइन सेल कडाक्याच्या थंडीत मान टाकतो, हा टिकतो. कपाटात दहा वर्षं पडून राहिला तरी कामाचा असतो. पण पिस्तुलावरचे प्रखर दिवे दोन सेलवर जेमतेम सव्वा-दीड तास चालतात. रोज सराव करणाऱ्याला सेल सतत बदलावे लागतात आणि कधीच न वापरणाऱ्याला ते आठवणीने बदलावे लागतात.

आता पिस्तूल डोळ्यासमोर आणा. दिवा नळीखाली, चापाभोवतीच्या कड्याच्या अगदी पुढे बसतो. त्याच्या मागच्या टोकाला बटण असतं, कारण बोट तिथेच पोहोचतं. पुढच्या टोकाला भिंग, वर रेल. झाकण ठेवायला बाजू उरते कुठली? शुअरफायरच्या एक्स300 मध्ये बटणासकट मागचा भागच निघतो. दोन्ही बाजूंचे खटके दाबायचे, तो ओढून काढायचा आणि सेल घालायचे. स्ट्रीमलाइटच्या टीएलआर-1 मध्ये मागचं झाकण बिजागरीवर उघडतं. दोन्ही दिवे नावाजलेले, मजबूत. पण झाकणासमोर चापाचं कडं आडवं येतं, म्हणून सेल बदलण्यासाठी आधी दिवा रेलवरून उतरवावा लागतो.

उतरवणं दोन मिनिटांचं काम आहे, तरी एरवी घट्ट बसलेली वस्तू दर वेळी सुटी होते. स्क्रू कमी-जास्त आवळला जातो. दिव्यासोबत नेम धरायचं लेझर असेल तर त्याचा नेम पुन्हा तपासावा लागतो. स्क्रू सैल राहिला तर पहिल्या काही गोळ्यांतच दिवा पुढे सरकतो.

2018 मध्ये आलेल्या स्ट्रीमलाइटच्या टीएलआर-7 ने झाकणाचं तोंडच पुढे फिरवलं. यात भिंगाचं डोकं आट्यांवरून फिरवून काढायचं आणि एकच सेल समोरून आत सरकवायचा. दिवा रेलवरच राहतो. कल्पना साधी आणि उपयोगी. पण भिंगाच्या बरोबर वर नळीचं तोंड असतं, म्हणजे सेल बदलणाऱ्याची बोटं नेमकी तिथेच येतात जिथे कधीच येऊ नयेत. मॅगझीन काढून, चेंबर रिकामं करून, डोळ्यांनी आणि बोटाने तपासून मगच हे करायचं, हा नियम मागून सेल घालण्याच्या दिव्यालाही आहेच. फरक इतकाच की तिथे दिवा उतरवल्यावर पिस्तूल दूर ठेवता येतं. समोरून सेल घालण्याच्या दिव्यात हा नियम पाळणाऱ्याच्या शिस्तीवर सारं अवलंबून राहतं आणि थकलेल्या माणसाची शिस्त सैल पडते. अमेरिकेत दिव्याचं बटण दाबायला जाऊन चाप ओढला गेल्याच्या पोलिसांच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दिवा आणि हत्यार इतके जवळ आले की हाताच्या प्रत्येक हालचालीचा विचार डिझाइन करणाऱ्याला आधीच करून ठेवावा लागतो.

खरी कसोटी आतल्या रचनेची आहे. गोळी सुटते तेव्हा पिस्तुलासोबत दिव्यालाही झटका बसतो. आतला सेल जागेवर राहू पाहतो, भोवतीचं कवच मागे फेकलं जातं. स्प्रिंग नरम असेल तर सेलचं टोक क्षणभर वीज घेणाऱ्या पट्टीपासून सुटतं आणि दिवा लुकलुकतो किंवा बंद होतो. स्प्रिंग कडक केली तर सेलचं टोक चेपतं, शिवाय झाकण लावताना अंगठ्याला इतका जोर करावा लागतो की हातमोजे घालून ते लागतच नाही. सहज उघडणारं झाकण आणि हजारो गोळ्यांच्या धक्क्यांत न उघडणारं झाकण, दोन्ही एकाच तुकड्यातून मिळवायचं असतं. पाणी रोखायला ओ-रिंग लागते. पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास टिकण्याचं आयपीएक्स7 प्रमाण गाठायचं तर ती रिंग दाबलेली हवी आणि दाबलेली रिंग पुन्हा झाकण जड करते. सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब इथे मोठा फरक पाडतो. आट्यांचंही तसंच. बारीक आटे अंधारात तिरके बसतात आणि मरतात. जाड, खोल आटे पहिल्याच फेऱ्यात नीट पकडतात.

सेल उलटा घातला तर? चांगल्या दिव्यात उलटा सेल टेकतच नाही किंवा सर्किट त्याला थोपवतं. मायक्रोसॉफ्टने 2010 मध्ये इन्स्टालोड नावाची रचना जाहीर केली होती. तिच्यात दोन्ही टोकांच्या पट्ट्या अशा घडवलेल्या होत्या की सेल कसाही घाला, वीज बरोबर वाहते. अंधारात, काळोख्या गाडीत सेल बदलणाऱ्यासाठी याहून दयाळू कल्पना मला माहीत नाही. ती सरसकट रुळली नाही, याचं मला वाईट वाटतं.

रायफलवर प्रश्न बराच सोपा होतो. शुअरफायरच्या स्काउटसारखा दिवा नळीच्या बाजूला बसतो आणि मागची टोपी मोकळी असते. टोपी फिरवा, सेल बदला. पण त्या टोपीतून बटणाची वायर निघाली असेल तर टोपी फिरवताना वायरला पीळ पडतो. अशा वेळी पुढचं डोकं काढणं बरं.

पुढे रिचार्जेबल 18650 सेल आले. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. दोन सीआर123ए एकापुढे एक ठेवले तर 69 मिलिमीटर होतात. लांबी जवळपास जुळते, जाडी एका मिलिमीटरने आडवी येते. म्हणून कवच रुंद करून दोन्ही चालतील असे दिवे निघाले. सर्किटलाही मग 18650 चे 3.7 आणि दोन लिथियम सेलचे 6, असे दोन्ही व्होल्ट पचवावे लागतात. सीआर123ए च्याच मापाचे रिचार्जेबल सेल मात्र पूर्ण भरल्यावर प्रत्येकी 4.2 व्होल्टचे असतात. ते दोन एकत्र घातले तर अनेक दिव्यांचं सर्किट जळतं. माप जुळलं की सेल चालतो, हा समज इथे महागात पडतो. नवा आणि अर्धा वापरलेला सीआर123ए एकत्र घालणं तर त्याहून धोक्याचं. अशक्त सेल उलट्या दिशेने ढकलला जातो, तापतो आणि फुटून विषारी वायू सोडू शकतो. दोन्ही सेल एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी उघडलेले असावेत. झाकणावर हे छापायला जागा नसते, पण खोक्यात तरी ठळक छापायला हवं.

लिथियम सेलचा व्होल्ट शेवटपर्यंत फारसा उतरत नाही. शिवाय दिव्यातलं सर्किट उजेडही स्थिर ठेवतं. जुना बल्ब पिवळट होत जाई, सेल संपत आल्याचं डोळ्यांना कळे. एलईडी दिवा मात्र चांगला चालता चालता एकदम खाली येतो. म्हणूनच अनेक ठिकाणी सेल संपायची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला बदलतात.

पिस्तुलावरच्या, नेमासाठी लाल ठिपका दाखवणाऱ्या रेड-डॉट दुर्बिणींनी हेच कोडं वेगळ्या वाटेने सोडवलं. ट्रायजिकॉनच्या आरएमआरमध्ये बटण-सेल तळाशी होता. बदलायचा तर दुर्बीण उतरवा आणि पुन्हा नेम जुळवा. मग होलोसनने बाजूला सरकणारा ट्रे दिला, ट्रायजिकॉनच्याच एसआरओमध्ये सेल वरून घालता येऊ लागला. दुर्बिणीला वर आणि बाजूला मोकळी जागा होती. पिस्तुलावरच्या दिव्याला ती नाही, कारण त्याच्याभोवती होल्स्टर, म्हणजे पिस्तूल बाळगायचं म्यान, असतं. कठीण प्लॅस्टिकचं होल्स्टर दिव्याच्या आकारावरच साच्यातून काढतात. झाकणासाठी बाजूला दोन मिलिमीटर वाढवले तर हजारो पोलिसांची होल्स्टर निकामी होतात. त्यामुळे कंपन्या जुना आकार सोडायला कचरतात. बदल येतोय तो लहान, लपवून बाळगायच्या पिस्तुलांच्या दिव्यांमध्ये, जिथे आकार अजून रुळलेला नाही. शुअरफायरच्या एक्सएससीमध्ये स्वतःचा वेगळा रिचार्जेबल सेल आहे आणि दिवा रेलवर असतानाच तो काढता येतो. पण तो दुकानात सहज मिळणारा सेल नाही. तो उतरला आणि चार्जर जवळ नसेल, तर खिशातला सीआर123ए त्यात बसत नाही.