बॉयकॉटच्या यादीत सिगारेट का नाही?

मांडव्याच्या जेट्टीवरून बाहेर पडलं की टपऱ्यांवर आपली पोरं उभी दिसतात. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांच्या गप्पांत एक विषय हमखास असतो: कुठल्या कंपनीचं काय घ्यायचं नाही. अमुक कोला बंद, तमुक कॉफी बंद. आमच्या ओळखीच्या काही घरांत तर लग्नाच्या जेवणात कोला गेला आणि कोकम सरबत आलं. गाझातल्या लेकरांसाठी आपण इथून एवढंच करू शकतो, असं ही पोरं म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. फक्त एक गोष्ट खटकते. हे सगळं बोलत असताना बऱ्याच जणांच्या दोन बोटांत सिगारेट असते.

आम्ही त्यांची चेष्टा करत नाही. उलट आम्हाला इथेच एक वाट दिसते. सिगारेट सोडा म्हणून सांगायचे नेहमीचे मार्ग थकलेले आहेत. पाकिटाचा ८५ टक्के भाग भीतीदायक चित्रानं भरलेला असतो, तरी पाकीट खिशात जातं. मकरूह की हराम, या वादात टपरीवर एक तास सहज जातो आणि त्या तासात आणखी दोन सिगारेटी संपतात. त्या वादात आम्ही शिरत नाही, ते उलमांनी सांगावं. आम्हाला एवढंच दिसतं की रमजानात हाच माणूस पहाटेपासून मगरिबपर्यंत धुराला हात लावत नाही. म्हणजे थांबण्याची ताकद त्याच्यात आहे, वर्षाचे बाकीचे अकरा महिने तिला कारण मिळत नाही. राजकीय भूमिका हे तसं कारण होऊ शकतं का?

एकदा ते झालं होतं, आणि तेही अख्ख्या देशात. १८९० साली इराणचा बादशहा नासिरुद्दीन शाह यानं टॅल्बट नावाच्या इंग्रज मेजरला तंबाखूचा मक्ता दिला. पिकवणं, विकणं, परदेशी पाठवणं, सगळ्यावर पन्नास वर्षं एकाच परक्या कंपनीचा ताबा. बदल्यात बादशहाला वर्षाला १५ हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. शेतकरी आणि व्यापारी पेटून उठले. डिसेंबर १८९१ मध्ये सामर्राचे मोठे शिया मुज्तहिद मिर्झा हसन शिराझी यांच्या नावानं फतवा निघाला की आता तंबाखू वापरणं म्हणजे इमामे जमानाशी लढाई करणं. लोकांनी हुक्के बाजूला ठेवले, दुकानं बंद झाली. खुद्द बादशहाच्या जनानखान्यात बायकांनी आणि नोकरांनी हुक्का भरायला नकार दिला, असं इतिहासकार लिहितात. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता रद्द करावा लागला. (कंपनीला भरपाई म्हणून पाच लाख पौंड द्यावे लागले, त्यासाठी इराणनं कर्ज काढलं. तो भुर्दंड पुन्हा रयतेवरच बसला.)

ही गोष्ट आपल्याकडे बयानात अभिमानानं सांगितली जाते, पण तिचा शेवट सहसा सांगत नाहीत. मक्ता रद्द झाला, फतवा मागे घेतला गेला आणि लोकांनी हुक्के पुन्हा पेटवले. त्यात चूक काही नव्हती, कारण त्यांची लढाई तंबाखूशी नव्हतीच, मक्त्याशी होती. मात्र ज्याला सिगारेट कायमची सोडायची आहे त्यानं हे ध्यानात ठेवावं. कारण एका घटनेला बांधलं, तर घटना मागे पडल्यावर कारणही मागे पडतं.

आपल्या देशात दुसरीच गंमत झाली. स्वदेशीच्या चळवळीत, आणि पुढे खिलाफत आणि असहकाराच्या काळात, विलायती मालावर बहिष्कार पडला. मुंबईत ३१ जुलै १९२१ रोजी परळला विलायती कपड्यांची होळी झाली, ती उमर सोबानी या मुसलमान गिरणीमालकाच्या आवारात. त्या दिवसांत विलायती सिगारेटही नकोशी झाली, आणि तिच्या जागी शिकल्यासवरल्या माणसाच्या ओठांत बिडी आली. बिडीचा धंदा वाढायला या बहिष्काराचा मोठा हात लागला. सिगारेट सुटली, धूर तसाच राहिला. आज आमची पोरं एक ब्रँड टाकून दुसरा घेतात तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचीच वाट चालतात.

आणि दुसरा ब्रँड तरी कोणाचा? देशातली सगळ्यात मोठी सिगारेट कंपनी १९१० साली कलकत्त्यात 'इम्पीरियल टोबॅको' या नावानं सुरू झाली. आज तिचं नाव आयटीसी आहे, तरी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको तिची मोठी भागधारक आहेच. आपल्या सरकारी आयुर्विमा महामंडळाचाही त्यात मोठा हिस्सा आहे. म्हणजे पाकिटावर चित्र छापायला लावणारं सरकार आणि नफ्यात वाटा घेणारं सरकार एकच. व्हॉट्सअॅपवर अमुक कंपनी तमुक टक्के नफा इस्राएलला देते, असे आकडे फिरतात. ते आम्ही इथे देत नाही, त्यांची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातले जवळपास ८० टक्के तंबाखू वापरणारे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. श्रीमंत देशांत गिऱ्हाईक आटत गेलं, तसतशा कंपन्या आपल्यासारख्यांच्या खिशावर टिकून राहिल्या. ज्याला साम्राज्याचा राग आहे त्याला एवढं पुरेसं आहे, आणि हे कारण कुठल्या युद्धबंदीनं संपणारं नाही.

बिडी ओढणारे म्हणतील, आमचा पैसा तर गरिबाकडे जातो. सोलापूरला जाऊन बघावं. हजारो बाया घरात मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळतात, त्यांत तेलुगू भाषिक पद्मशाली आहेत तशा मुसलमानही आहेत. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. त्यातून 'छाट' म्हणून काही बिड्या नाकारल्या जातात, त्यांचे पैसे कापले जातात. तंबाखूची भुकटी दिवसभर नाकात आणि बोटांच्या कातडीतून अंगात. २०२५ पर्यंत १९६६ चा बिडी कामगार कायदा होता, पण घरात बसून काम करणाऱ्या बाईपर्यंत तो पोचवायला संघटनेला रस्त्यावर उतरावं लागायचं. कुंभारी इथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं बिडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तीही लढूनच. आपण बिडी सोडली तर या बायांची चूल कशी चालेल, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. त्यांना दुसरं काम मिळावं या मागणीला साथ द्यावी, एवढं म्हणू शकतो. त्यांच्या खोकल्यावर आपली तलफ भागवणं याला मात्र मदत म्हणता येणार नाही.

घरातला हिशेबही करून बघा. दिवसाला दहा सिगारेटी, एक पंधरा रुपयांची धरली, तर वर्षाचे ५४ हजारांवर जातात. गाझासाठी, किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी, एवढी रक्कम आपल्यातले किती जण काढतात? शिवाय घरातल्या बायको-मुलांच्या छातीत जाणारा धूर आहे, तो तर सरळ हुकूकुल इबादचा मामला.

बायकांनीही हे फक्त मर्दांसाठी लिहिलंय असं समजू नये. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, तर बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. मिसरी, पानातला तंबाखू, गुटखा सगळं त्यात आलं. कोकणातल्या किती घरांत सकाळ मिसरीनं उजाडते ते आपल्याला माहीत आहे. तो पैसाही कुठेतरी जातोच.

आता करायचं कसं. सुटी सिगारेट घेऊ नका, ती विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे आणि 'एकच ओढतो' याचं सगळं बळ त्या सुट्या सिगारेटीत असतं. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते, तेवढ्यात पाणी प्या, वुजू करा, चालायला लागा. पहिला आठवडा सगळ्यात जड, चिडचिड होणार, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. टपरीवरच्या चार दोस्तांनी मिळून सोडली तर जास्त सोपं जातं, कारण बॉयकॉट एकट्यानं होत नाही हे त्यांना आधीच कळलेलं आहे. बॉयकॉटच्या गप्पा मारायला जागा मात्र बदला, टपरीऐवजी धक्क्यावर जाऊन बसा. जास्त ओढणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घ्यावं, त्यात कमीपणा नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातही विचारता येईल. सरकारची मोफत फोन सेवा १८००-११-२३५६ या नंबरवर आहे, पाकिटावर चित्राखाली हाच नंबर छापलेला असतो.