सलाइन संपत आलं तेव्हा

१९७१च्या जूनअखेरीस डॉ. दिलीप महालनबीस पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हा कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी तिथे दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. बाकीचे रुग्ण जमिनीवर, जुलाब-वांत्यांच्या थारोळ्यात पडलेले. कुणाला सलाइन लावायचं, तर त्याच घाणीत गुडघे टेकावे लागत. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे थांबत नव्हते आणि सलाइनचा साठा संपत चालला होता.

कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसतं पाणी पाजून ते भरून येत नाही. पण ग्लुकोज सोबत असेल, तर आजारी आतडंही सोडियम आत घेतं आणि त्यामागून पाणी येतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही यंत्रणा मांडली होती. त्याआधी, १९५३ साली, कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जींनी रुग्णांना तोंडाने द्रव देऊन बरं केल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६८मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडावाटे उपचाराने सलाइनची गरज बरीच कमी होते, हे दाखवून दिलं. म्हणजे औषध महालनबीसांनी शोधलेलं नव्हतं.

मग त्यांचं श्रेय कशात? ग्लुकोज-मिठाचं हे द्रावण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावं, असं तज्ज्ञांचं मत होतं. महालनबीसांनी ते रुग्णाच्या आईच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या हाती सोपवलं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पोटॅशियमही हवं होतं, पण ते वगळलं. कोलकात्यात पुड्या बांधल्या जात, प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने बंद केल्या जात, बनगावात ड्रममध्ये द्रावण कालवलं जाई. नातेवाईक मग भरून नेत आणि घोट घोट पाजत. माझ्या मते खरं संशोधन हेच: उपचाराची मक्तेदारी सोडायची हिंमत.

आठ-नऊ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं. त्याआधी निर्वासितांच्या शिबिरांत ते ३० टक्क्यांच्या घरात होतं. आजचा चिकित्सक वाचक विचारेल, तुलनेसाठी दुसरा गट कुठे होता? नव्हताच. आणि मरणाऱ्यांना द्रावणाविना ठेवायचं कुणी ठरवलं असतं?

१९७३मध्ये निष्कर्ष जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’च्या संपादकीयाने या उपचारामागच्या शोधाला शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीच्या पंक्तीत बसवलं. आपल्याकडे आशाताईंच्या पिशवीत असते ती जलसंजीवनीची पुडी याच वाटेने घरोघरी आली.

महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी गेले. पद्मविभूषण जाहीर झालं ते पुढच्या जानेवारीत. हयातीत त्यांना एकही पद्म सन्मान मिळाला नाही.