छप्पन लिटरपासून सात लिटरपर्यंत

२०१२ साली घरच्या घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्याला टेबलाखाली बरीच जागा मोकळी करावी लागे. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनचं त्या वर्षीचं ‘डिफाइन आर४’ कॅबिनेट घनफळात सुमारे ५६ लिटरचं. तैवानच्या बिटफेनिक्सने त्याच वर्षी ‘प्रॉडिजी’ काढलं, तेही खास छोट्या मदरबोर्डसाठी. हँडलांसकट मोजलं तर ते ३६ लिटर भरत होतं. मदरबोर्ड मात्र कधीचाच आक्रसला होता: व्हीआयए या तैवानी कंपनीने १७० बाय १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स आकार २००१ मध्येच आणला होता. इवल्याशा बोर्डाभोवती एवढी पोकळी कशासाठी?

कारण बाजाराच्या हिशोबात होतं. कोणाचाही, कुठलाही भाग बसला पाहिजे, म्हणजे माल खपतो. मग सीडी ड्राइव्हसाठी खण, हार्ड डिस्कचे पिंजरे, मोठ्या एसएमपीएसची जागा, सगळंच ठेवावं लागतं. ज्याला यातलं निम्मं नकोच आहे, त्याच्यासाठी कोणी पत्रा कापत नव्हतं.

दोन हौशी मंडळींनी २०१२ मध्येच हे काम अंगावर घेतलं. त्यांच्या ‘एनकेस एम१’ची सुरुवात वजाबाकीने झाली. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस गेला आणि १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटरचा एसएफएक्स आला. हार्ड डिस्कचे पिंजरे गेले. उरलेल्या जागेत लांब ग्राफिक्स कार्ड तर बसलंच, शिवाय बाजूला पाण्याने गार करण्यासाठीचा २४० मिलिमीटरचा रेडिएटरही. बाहेरून माप ३२८ बाय २४० बाय १६०, म्हणजे १२.६ लिटर. आजही तो आराखडा पाहताना जाणवतं, की यात जागा उरली म्हणून कुठेच काही ठेवलेलं नाही.

पण स्क्रीनवरचं चित्र आणि हातातला पत्रा यांत मोठं अंतर असतं. भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ते सांगायला नको. पत्रा काटकोनात दुमडला तरी कोपऱ्याला गोलाई राहतेच, आणि ती हिशोबात धरली नाही तर माप चुकतं. बेंडच्या फार जवळ पाडलेलं भोक ओढलं जाऊन लांबुळकं होतं. चार बेंडमधली बारीक बारीक चूक साठत गेली, की ग्राफिक्स कार्डचा स्क्रू भोकासमोर येत नाही. ॲल्युमिनियम मऊ, त्यात पाडलेले आटे टिकत नाहीत, म्हणून नट दाबून बसवावे लागतात. ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे अर्थिंग कुठून मिळणार हेही आधीच ठरवावं लागतं. ५६ लिटरच्या पेटीत मिलिमीटरभर चूक पोटात जाते. १२ लिटरमध्ये तीच चूक अख्खा माल बाद करू शकते.

म्हणून एम१ घडवणाऱ्या त्या दोघांचा पैशांचा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. २०१३ मध्ये इंडिगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांनी आधी फक्त नमुने बनवण्यापुरता निधी मागितला. उत्पादनासाठीची मागणी त्यानंतर, वेगळी. पेट्या बनवल्या तैवानच्या लियान लीने, ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटमध्ये मुरलेल्या कंपनीने. पुढे एम१च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत सुधारणा होत राहिल्या.

यापुढची उडी जर्मनीतून आली. डॅनियल हॅन्सनच्या ‘डॅन ए४-एसएफएक्स’ने २०१६ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे केले, तेही लियान लीनेच घडवलं. यात ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवर उभं राहत नाही. ते बोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसतं आणि दोघांना रायझर नावाची चपटी केबल जोडते. रुंदी उतरली ११२ मिलिमीटरवर, घनफळ सात लिटरच्या आसपास. या काळातली सर्वांत मोलाची कल्पना हीच.

तिची किंमतही होती. प्रोसेसरवरच्या कूलरला जेमतेम ४८ मिलिमीटर उंची मिळाली. आणि कार्ड ज्या जोडणीतून बोर्डाशी बोलतं त्या पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी आल्यावर जुन्या रायझरवर नवी कार्डं अडखळू लागली, तेव्हा लोकांना बायोसमध्ये जाऊन वेग तिसऱ्या पिढीवर आणावा लागला.

पुढे तर कार्डंच फुगली. २०१६ चं जीटीएक्स १०८० होतं १८० वॅटचं, २६७ मिलिमीटर लांब. २०२० चं आरटीएक्स ३०९० आलं ३५० वॅटचं, ३१३ मिलिमीटर लांब आणि तीन स्लॉट जाड. ए४मध्ये मर्यादा २९५ मिलिमीटर आणि दोन स्लॉट. पेटी कितीही मन लावून घडवली, तरी तिच्या पोटात काय येणार हे दुसरंच कोणी ठरवतं. या सगळ्या वर्षांत ही अडचण कोणालाच सोडवता आली नाही. डॅन आणि लियान ली यांनी मिळून २०२२ मध्ये आणलेल्या ‘ए४-एच२ओ’चं घनफळ ११ लिटरवर गेलं, ते मोठ्या कार्डांसाठी आणि २४० मिलिमीटरच्या रेडिएटरसाठी.

मग दुसऱ्या बाजूनेही थोडी हालचाल झाली. लहान कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या कार्डांसाठी एनव्हिडियाने २०२४ मध्ये मापं जाहीर केली: ३०४ बाय १५१ बाय ५० मिलिमीटर. २०२५ मध्ये कंपनीचं स्वतःचं आरटीएक्स ५०९० पुन्हा दोन स्लॉटवर आलं, लांबी नेमकी ३०४. मूळ ए४मध्ये ते नऊ मिलिमीटरने अडतं, ए४-एच२ओमध्ये बसतं. मात्र त्याची भूक आहे ५७५ वॅटची, आणि एवढी उष्णता ११ लिटरमधून बाहेर काढायचं काम आता पेटी घडवणाऱ्यांपुढे आहे.