खिशातला चाकू आणि कायद्याचे कलम

आमच्या वस्तीतला एक मुलगा विजेच्या ठेकेदाराकडे मदतनीस म्हणून काम करतो. दोन वर्षांपूर्वी, ऐन सणाच्या दिवसांत, रात्री साडेअकराला तो कामावरून घरी येत होता. नाकाबंदीत झडती झाली आणि खिशातून वायर सोलायचा घडीचा चाकू निघाला. पाते चार बोटांचे. हत्यारांची पिशवी ठेकेदाराच्या टेम्पोत राहिली होती, चाकू तेवढा खिशात. त्याच्या आईने आमचे दार वाजवले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

पोलीस ठाण्यात आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले, "साहेब, नऊ इंचांच्या आतला चाकू आहे, याला परवाना लागत नाही." साहेबांनी वाद घातला नाही. भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदाकडे बोट दाखवले. वीस वर्षे कचेरीत कागद हाताळून आणि बी.कॉम. होऊनही तो कागद आम्ही कधी नीट वाचला नव्हता. म्हणून हा लेख.

नऊ इंचांची गोष्ट खोटी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत तलवार, खंजीर, भाला, सुरा यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र म्हणून धरली आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी, विळी, चांभाराची रापी, ऊसतोड मजुराचा कोयता ही या कायद्याने शस्त्रे नव्हेत. कायद्यात साध्या काठीचाही उल्लेख आहे, तीही शस्त्र नव्हे. शीख बांधवांना कृपाण धारण करण्याचा हक्क तर थेट घटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात दिला आहे.

पण सगळीकडे हेच माप चालत नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटण दाबून उघडणाऱ्या चाकूचे पाते ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद भरले तरी पुरते. हिंदी सिनेमातल्या रामपुरीची ऐट पडद्यावरच बरी.

आता भिंतीवरचा तो कागद. महाराष्ट्र पोलीस कायदा (पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा, १९५१) याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक मुदतीचा मनाई आदेश काढतात. सण, निवडणूक, मोर्चा, तणाव असला की हा आदेश ठरलेला. शस्त्रे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई! त्यात इंचांचा हिशेब नाही. शस्त्र कायद्याने सोडलेली काठी इथे अडकते. आदेश मोडल्यास कलम १३५ आहे : एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि न्यायाधीशांनी कारण लिहून ठेवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीन ओळींत येणारी ही बातमी आपण वाचत नाही. रात्रपाळी आणि फिरतीचे काम करणारी माणसे मात्र बहुतेक आपल्याच घरातली असतात.

कोयत्याचेच पाहा. २०२२-२३ मध्ये पुण्यात 'कोयता गँग'च्या बातम्या आल्या आणि तो शब्दच बदनाम झाला. ज्या अवजारावर ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे सहा-सहा महिने पोट भरतात, ते आता भर रस्त्यात हातात दिसले तर लोक बाजूला होतात. याला मजूर जबाबदार नाही, पण झडती त्याचीच होते.

तरुणांच्या बाबतीत मात्र आम्ही पोलिसांना दोष देणार नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा आणि त्याचा व्हिडिओ स्वतःच मोबाईलवर टाकायचा, म्हणजे पुरावा आपणच तयार करून द्यायचा. असे गुन्हे राज्यात सतत दाखल होतात. आईबापांनी केकबरोबर सुरीही आणून द्यावी.

कामाचा चाकू, पकडीला जोडलेले बहुपयोगी हत्यार, कटर हे खिशात किंवा कमरेला न ठेवता इतर हत्यारांबरोबर पिशवीत, पाते मिटवून ठेवावे. ठेकेदाराची चिठ्ठी किंवा कामाचे ओळखपत्र जवळ असावे. विमानाने जाणाऱ्याने ते सामानात द्यावे, हातातल्या पिशवीत नको. पकडले गेलेच तर हुज्जत घालू नये, पण पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. जप्तीचे चित्रीकरण करण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, ते झाले का विचारावे. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे मिळकतीची अट नाही.

आमच्या त्या मुलाचा खटला अजून चालू आहे. तारखेला दांडी पडते, रोज बुडतो. गेल्या महिन्यात त्याने सरकारी भरतीचा अर्ज आणला आणि एका रकान्यावर बोट ठेवून विचारले, "काका, 'गुन्हा दाखल आहे का?' इथे काय लिहू?" शेजारच्यांनी त्याला 'नाही' लिहायला सांगितले होते. चारित्र्य पडताळणीत ते निघतेच आणि लपवल्याबद्दल लागलेली नोकरीही जाऊ शकते. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ गुन्ह्याचा मालकाने सारासार विचार करावा असे म्हटले आहे, पण माहिती खरी द्यायला हवी हेही बजावले आहे. आम्ही त्याला 'होय' लिहायला लावले, पुढे गुन्हा क्रमांक आणि कलम घातले, आणि तो चाकू कशासाठी होता ते वेगळ्या कागदावर लिहून ठेकेदाराच्या दाखल्यासह जोडले. उत्तराची वाट पाहतो आहोत.