ओझर ते दिल्ली : अंतर आणि अवधी

नाशिक शहरापासून सुमारे 20 किलोमीटर अंतरावरील ओझरच्या ज्या धावपट्टीचे मूळ प्रयोजन हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या 1964 मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात सिद्ध होणाऱ्या मिग विमानांचे उड्डाण हे होते, त्याच धावपट्टीवरून आज दिल्लीस प्रवासी विमान जाते, ही या जिल्ह्याच्या दृष्टीने खचितच अभिमानाची बाब होय. भूगोलाच्या वक्रतेचा हिशेब धरून मोजलेले ओझर-दिल्ली हवाई अंतर सुमारे 990 किलोमीटर भरते. उलटपक्षी लोहमार्ग मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी असा पूर्वेकडे वळसा घेत भोपाळ-झाशीवरून जात असल्याने तेच अंतर साडेतेराशेच्या घरात जाते. विमानाच्या ताशी सुमारे 800 किलोमीटर वेगाने हवाई अंतर वस्तुतः सव्वा तासात कापले जावे; परंतु धावपट्टीपर्यंतचे संथ मार्गक्रमण, आरोहण, अवरोहण आणि दिल्लीच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याच्या परवानगीची प्रतीक्षा यांची तजवीज वेळापत्रकात करावी लागत असल्याने प्रवासाचा अवधी सुमारे दोन तासांचा धरतात. मुंबईचे हवाई अंतर अवघे 160 किलोमीटर असल्याने तेथे मात्र हा वेगाचा लाभ जवळजवळ लोपतो; त्या प्रवासास कसाऱ्याच्या घाटातून जाणारी आगगाडीच अधिक सोयीची, असे आमचे स्पष्ट मत आहे.