शीतादातील गण्डूष : परीक्षा कशी करावी?

दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. घोडा घेणारा जाणता मनुष्य प्रथम त्याचे दात पाहतो. स्वतःच्या हिरड्यांतून रक्त येत असता मात्र मिश्रीवर वेळ निभावतो, हे आम्हांस नेहमी खटकते.

अशा रुग्णास त्रिफळेचा काढा द्यावा, रक्त थांबावे आणि यश काढ्याच्या पदरी टाकावे, ही आपली रीत. परंतु सुश्रुताने शीतादात आधी रक्तमोक्षण व मग सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या क्वाथाचा रसांजनयुक्त गण्डूष सांगितला आहे. दंतशर्करा तर हिरडीस इजा न करता खरवडून काढावयास सांगितली आहे. ती तशीच राहिली, तर वरचे रक्त थांबूनही आतले हाड झिजत राहू शकते.

म्हणून परीक्षेत दोन्ही गटांचे दात आधी स्वच्छ करावेत. मग एकास काढा, दुसऱ्यास तशाच रंगाचे पाणी. लाली, सूज व रक्तस्राव यांचे ० ते ३ गुण लो व सिलनेस यांच्या १९६३ च्या पद्धतीने, गट ठाऊक नसलेल्या वैद्याने द्यावेत. बिडी ओढणारे व मिश्री लावणारे वेगळे नोंदवावेत. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रोग असूनही रक्त कमी येते, आणि ते श्रेय फुकट काढ्यास मिळते.

यात्रेत हे साधणार नाही. तिथला पाहुणा महिन्याने पुन्हा भेटत नाही. तेथे केवळ तपासणी करावी. गण्डूषाची परीक्षा गावच्या रुग्णांवर, त्यांची संमती घेऊनच.